तुम्ही विचारलंत म्हणून: ऑलिव्हचं फळ मोठं कशानं होतं?

“मोठ्या फळांच्या दोन जातींचा संकर केला, तर ऑलिव्हचं फळ मोठंच येणार ना?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. काही रोपांत येईल, बहुतेकांत नाही. आणि जिथे आलंय असं वाटेल, तिथेही पहिल्या बहरावर निकाल देऊ नका.

हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. ऑलिव्हचंही तसंच. त्याच्या जाती शतकानुशतकं छाटकलमांवर टिकल्या, म्हणून गुणसूत्रांच्या 23 जोड्यांमध्ये वेगवेगळी जनुकरूपं, म्हणजे एकाच जनुकाचे निरनिराळे प्रकार, शेजारीशेजारी बसलेली असतात. बी धरलं की ती विखुरतात. त्यातून वजन एका जनुकावर नव्हे, तर अनेकांवर बेततं. त्यामुळे एकाच संकराच्या भावंडांत लहान, मध्यम, मोठी अशी सगळी फळं दिसतात. ग्रीसच्या कोरोनेइकी जातीचं फळ साधारण ग्रॅमभराचं, तर स्पेनमधल्या सेव्हिलच्या गोर्दाल जातीचं 10 ते 12 ग्रॅमचं.

हा फरक मुख्यतः गरातल्या पेशींच्या संख्येचा आहे. जातीजातींत पेशीचा आकार फारसा बदलत नाही. मोठ्या फळाच्या जातीत फुलातलं अंडाशयच मोठं असतं, आणि बहुतेक पेशी फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या आठेक आठवड्यांत तयार होतात. याच काळात कोयही वाढून टणक होते. तेव्हा पाण्याचा ताण बसला तर पेशी कमी पडतात आणि पुढे कितीही पाणी दिलं तरी ती तूट पूर्ण भरून निघत नाही. संकराच्या प्लॉटमध्ये अर्ध्या रोपांना पाणी नीट पोचलं नसेल, तर आपण जनुकं नव्हे, ठिबकचे ड्रिपर निवडत असतो.

तसाच धोका भाराचा. ऑलिव्ह वर्षाआड जोरात फळतं. झाड लगडलं की फळ लहान राहतं, विरळ धरलं की तेच फळ मोठं होतं. कोवळ्या रोपावर पहिल्यांदा मोजकीच फळं येतात, म्हणून ती फसवतात. निदान दोन-तीन हंगाम वजन घ्या आणि प्रत्येक वेळी झाडावर भार किती होता तेही नोंदवा. जातीच्या वर्णनासाठी फांदीच्या मधल्या भागातली 40 फळं घेतात: 2 ग्रॅमच्या आत लहान, 2 ते 4 मध्यम, 4 ते 6 मोठं, त्यावर खूप मोठं. बी न धरलेली बारीक फळं नमुन्यात येऊ देऊ नका. गर काढून कोयही वेगळी तोला. 5 ग्रॅमच्या फळात 1 ग्रॅमची कोय असेल, तर लोणच्याच्या ऑलिव्हसाठी ते फळ सुमारच, 0.6 ग्रॅमची असेल, तर उत्तम. मला एकूण वजनापेक्षा हेच प्रमाण जास्त मोलाचं वाटतं.

संकर करताना फुलं उमलण्याआधी फांदीवर कागदी पिशवी चढवतात आणि आत दुसऱ्या जातीचे परागकण सोडतात. ऑलिव्ह बहुतांशी स्वतःच्या परागांना नाकारतं, म्हणून पुंकेसर सहसा खुडत नाहीत; पण पिशवी उशिरा चढली तर परके पराग शिरतात. म्हणून रोपांचा बाप डीएनए-खुणांनी तपासूनच पुढे जावं. शिवाय परागांच्या बाबतीत जातींचे दोन गट आहेत. दोन्ही पालक एकाच गटातले निघाले, तर फळधारणा जवळपास होतच नाही.

बी कोयीतून काढून सुमारे 14 अंश सेल्सियसला महिनाभर ओलसर ठेवलं, की उगवण चांगली होते. नुसतं वाट पाहत बसलं तर पहिलं फूल यायला कितीतरी वर्षं जातात. म्हणून हरितगृहात सतत प्रकाश आणि ठिबकातून खत देऊन रोप एकाच खोडावर उंच वाढवतात. फूल वरच्या, प्रौढ झालेल्या भागातच येतं. खोडच खालून छाटत राहिलात तर वाट लांबते.

मोठ्या फळाची किंमतही झाड वसूल करतं. अंडाशय मोठं असलं की जास्त फुलांतलं स्त्रीकेसर अर्धवट राहतं आणि फळं कमी धरतात. तेलाच्या बागेत म्हणूनच फळाच्या आकारामागे धावू नये. स्पेनमध्ये कोर्दोबाला पिकुआल आणि आर्बेकिना यांच्या संकरातून सिकितिता ही जात निघाली, ती आटोपशीर झाडासाठी. दाट कुंपणासारख्या ओळींवरून यंत्र फिरवून तोडणी करण्याच्या बागेत तिचा उपयोग आहे. टेबल ऑलिव्हचं, म्हणजे लोणच्याच्या ऑलिव्हचं, गणित वेगळं. तिथे किलोत किती फळं बसतात यावर प्रतवारी ठरते, आणि 101 ते 110 च्या प्रतीत बसणारं फळ सरासरी साडेनऊ ग्रॅमचं असावं लागतं.