इंडिया नको, डर्बीशायर घ्या

मी क्रिकेट कॅप्टन नावाचा कॉम्प्युटर गेम खेळतो असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न, शॉट कुठल्या बटणाने मारायचा? शॉट मारायचाच नसतो रे बाबा. शॉट तो बॅट्समन त्याचा तो मारतो, आपण टीम निवडायची, फिल्ड लावायची, कोण कधी बॉलिंग टाकणार ते ठरवायचं आणि हात चोळत बघत बसायचं. एवढं ऐकलं की माणसाचा इंटरेस्ट संपतो. माझा धाकटा भाऊ तर म्हणतो दादा तू दिवसभर ऑफिसात एक्सेल बघतोस आणि घरी येऊन पण एक्सेलच बघतोस. तसं चूक नाहीये त्याचं.

गेम जुना आहे. १९९८ ला इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन नावाने पहिला आला, तेव्हा कॉमेंट्रीला जोनाथन अॅग्न्यूचा आवाज होता, तोच बीबीसीवाला, जो स्वतः लेस्टरशायरकडून फास्ट बॉलिंग टाकायचा आणि इंग्लंडकडून ३ टेस्ट खेळलाय. आता नुसतं क्रिकेट कॅप्टन म्हणतात, नवनवीन आवृत्त्या येत राहतात, फोनवर पण मिळतो. ग्राफिक्सबद्दल काही बोलत नाही. ते बघायला कोणी हा गेम घेत नाही.

आपल्याकडचा प्रत्येक जण पहिल्यांदा इंडियाच घेतो, साहजिक आहे. पण इंडियात मजा काय, बेंचवर बसलेला पण शंभर मारणारा असतो, कोणालाही घ्या कोणालाही काढा, फारसं बिघडत नाही. खरा गेम काउंटीत, म्हणजे इंग्लंडच्या डोमेस्टिक टीममध्ये आहे. १८ काउंट्या, दोन डिव्हिजन, चार दिवसांच्या मॅचेस, पगाराला ठरलेली रक्कम, परदेशी प्लेअर मोजून घ्यायचे, आणि तुमचा एकमेव चांगला बॉलर फॉर्मात आला की नेमका इंग्लंडवाले उचलून नेणार. त्यात पण सरे वगैरे तगड्या टीम घेऊ नका, डर्बीशायर घ्या. काउंटी चॅम्पियनशिप त्यांनी एकदाच जिंकलीये, १९३६ ला. त्या टीममधला बिल कॉप्सन कोळशाच्या खाणीत कामाला होता, १९२६ च्या संपात काम बंद म्हणून पोरं क्रिकेट खेळायला लागली त्यात हा पण उतरला आणि पुढे थेट इंग्लंडकडून खेळला. नंतर वेस्ट इंडिजचा फास्ट बॉलर होल्डिंग येऊन गेला, १९९१ ला आपला अझर पण होता तिथे. तरी चॅम्पियनशिप परत काही आली नाही. मग अशा टीमसोबत तुम्ही डिव्हिजन टू मध्ये तिसरे जरी आलात तरी छाती फुगते.

आता यात करायचं काय असतं, तर प्रत्येक बॅट्समनला किती आक्रमक खेळायचं ते ठरवायला एक बार असतो. आणि तो किती सेट झालाय ते दाखवणारा दुसरा. नवशिके सगळे (मी पण सुरुवातीला तेच करायचो) पहिला बार वर नेऊन ठेवतात आणि ६० ला ५ झाले की गेम फिक्स आहे म्हणून बोंब मारतात. अरे दुसरा बार भरू दे की आधी. आपण टीव्हीसमोर बसून मार ना मार ना ओरडतो ना, ते इथे एकदा स्वतःच्या हाताने करून बघा, पुजारासारख्या माणसाची किंमत आपोआप कळते. आणि बोनस पॉइंटची भानगड वेगळीच. पहिल्या इनिंगला ११० ओव्हरच्या आत जेवढ्या रन करशील त्यावर पॉइंट, म्हणजे नुसता किल्ला लढवून पण चालत नाही. हे गणित मला जाम आवडतं, टीव्हीवर कोणी समजावून सांगत नाही.

मागच्या आठवड्यातली मॅच सांगतो. आमचं डर्बीचं ग्राउंड, चौथा दिवस. आदल्या संध्याकाळीच डिक्लेअर केलेलं, समोरच्या टीमला पूर्ण ९६ ओव्हर खेळून काढायच्या होत्या. ८० ओव्हर झाल्या, ७ गेलेले, नवा बॉल मिळतोय. आता पंचाईत अशी की माझा लांबू (गेमनेच तयार केलेला पोरगा, १९ वर्षांचा, नाव काहीतरी भलतंच आहे म्हणून आमच्या घरी लांबू) सकाळपासून टाकून टाकून पार दमलेला, आणि पिच फुटलेली, म्हणजे स्पिनरकडे जुना बॉल ठेवला तर तो पण वळवणार. नवा घेऊ का जुनाच राहू देऊ? भाऊ पाणी प्यायला आला होता तो मागे उभा राहून म्हणे, घे घे, आणि बाउन्सर टाक. घेतला. दोन स्लिप, गली, शॉर्ट लेग, बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर फुल. लांबूच्या दुसऱ्याच ओव्हरला एक गेला, मग त्याला थांबवून दुसऱ्या एंडच्या मिडियम पेसवाल्याने एक काढला, ९ आऊट. आणि मग शेवटचे दोघं जे चिकटले! ११ नंबरचा तो सेटचा बार हळूहळू भरत चाललाय, मी फिल्डर आत आत आणतोय, सहा जण बॅटच्या भोवती, शेवटची ओव्हर स्पिनरला दिली, एक एज उडाला तो शॉर्ट लेगच्या पुढ्यात पडला. ड्रॉ.

एवढं करून ड्रॉ? असं म्हणून भाऊ निघून गेला. पण ग्लास हातात तसाच भरलेला होता त्याच्या, ते मी बघितलंय.

या गेममुळे एक झालं, मी काउंटीचे स्कोअरकार्ड खरंच वाचायला लागलो. म्हणजे २००६ ला आपला श्रीरामपूरचा झहीर टीम इंडियातून बाहेर होता, वूस्टरशायरला जाऊन ७८ विकेट काढल्या, एसेक्सच्या एका इनिंगमध्ये ९, हे आधी नुसतं ऐकलेलं. पण तिथला सीझन कसा असतो, मॅच संपली की पुढच्या गावाला, कधी गार हवा कधी पाऊस, बॉलर पिळून निघतो, हे लांबूचा दम संपताना बघून डोक्यात शिरलं. रहाणेने २०१९ ला हॅम्पशायरकडून पहिल्याच मॅचला शतक ठोकलं ते पण मग वेगळं वाटतं, नवी टीम, तिकडचा ड्यूक बॉल, ओळखीचं कोणी नाही.

असो. आता सीझन संपलाय आणि कॉन्ट्रॅक्टचं झेंगट आहे. लांबूवर वरच्या डिव्हिजनच्या एका पैसेवाल्या काउंटीने डोळा ठेवलाय, त्याला थांबवायचं तर पगार वाढवायला लागणार, आणि पैसे आहेत ते ३६ वर्षांच्या ओपनरमध्ये अडकलेले. त्या म्हाताऱ्याने यंदा पण हजाराच्या वर रन केल्यात, त्यामुळे मन होत नाहीये. भाऊ म्हणतो ओपनरला ठेव, लांबू काय परत मिळेल. याला काय कळतंय, असले बॉलर डर्बीशायरला परत मिळत नसतात. ओपनरला सोडणार बहुतेक. वन डे साठी ठेवता आला तर बघतो.