मधल्या फळीचा बाक गेला, टेबलाचा आराखडाही बदलला

आधी चांगली बातमी. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जोडलेल्या, जेवणाच्या टेबलाच्या वरच्या पाटाचा एकही सांधा पावसाळ्यात सुटला नाही. जुना साग तेलकट असतो, गोंद धरत नाही, असं तुमच्यापैकी अनेकांनी बजावलं होतं. चिकटवायच्या अगदी आधी कडांवरून थिनरचं फडकं फिरवलं आणि लगेच गोंद लावला, एवढंच पुरलं. पाऊण इंची जीआय पाइपांचे क्लॅम्पही कामाला आले. बाजारातले हलके क्लॅम्प एवढ्या रुंदीला वाकतात, त्यावर पैसे घालू नका.

आठ बाय साडेतीन फुटांचा पाट, पाच फळ्या, सगळ्या आमच्या धाब्याच्या घराच्या तुळयांतून निघालेल्या. माणशी दोन फूट धरले तर दहा जणांची पंगत बसते. कानबाईच्या सणाला भाऊबंद जमले की एवढं लागतंच.

डोकं खाल्लं ते तिसऱ्या फळीने. श्रावणात अख्खा पाट रुंदीत तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढला, ते धरलेलंच होतं. भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, लाकूड कडकडीत कोरडं होतं आणि पुढे पावसाळी हवेतली ओल पितं. पण ही फळी मधून दोन सूत वर उठली. अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप आडवा ठेवला की दोन्ही बाजूंनी उजेड दिसायचा. फळी गाभ्याजवळची आहे आणि सालीची बाजू वर आली आहे. ओल मिळाली की तीच बाजू जास्त फुगते.

वाळूची पोती ठेवली, काही फरक नाही. मग पाट ओल्या गोणपाटावर ठेवला, उठलेली बाजू उन्हाकडे. संध्याकाळी फळी सपाट! काय आनंद झाला होता. पण थोड्याच दिवसांत बाक परत आला. रंधून काढावं तर उन्हाळ्यात तिथेच खोलगट होणार. गल्लीतले मिस्तरीकाका बघून म्हणाले, "त्याले दाबू नको, जागा दे."

तिथून मार्ग सापडला. बाक रुंदीच्या वर्गाने वाढतो. फळी निम्मी केली की तो चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणजे दोन सुतांचा अर्धा सूत. तेवढा रंध्याला सहज निघतो आणि पुढच्या ऋतूत जेमतेम तेवढाच हलेल. जुन्या स्पीकरच्या चुंबकाने फळी तपासली, एक तुटका खिळा सापडला. तो काढला आणि सर्क्युलर सॉने फळी मधोमध उभी चिरली. याच खिळ्यांच्या भीतीने एका वखारीने आमच्या तुळया कापायला नकार दिला होता. आता दोन्ही अर्धे सपाट आहेत. हात फिरवला की कळतं.

अर्धी फळी उलटी करून पुन्हा चिकटवायची असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, चिकटवूच नये. चीर बरोबर मध्यावर आली आहे. दोन पाट वेगळे ठेवले तर एकेक करून दारातून आत नेता येतील. अख्खा पाट दारातून कसा न्यायचा, ही अडचण मी मागच्या वेळी मांडली होती. आतल्या कडा सांगाड्याला घट्ट, बाहेरच्या बाजूला स्क्रूंना आडवी लांबट भोकं. म्हणजे पाट बाहेरच्या बाजूला फुगेल आणि मधली फट तेवढीच राहील.

फटीत शेवभाजीचा रस्सा जाणार, म्हणून तिथे शिसवाची सुटी पट्टी बसवेन, उचलून धुता येईल अशी. टोकांना आडव्या फळ्या लावायचा बेत त्यामुळे रद्द.

पुढचं काम लांबट भोकांचं, मग जवसाच्या तेलाचे हात. ज्यांचं तेलाचं काम आत्ता चालू आहे त्यांनी फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून बाहेर मोकळी पसरा.