हॅलोवीनच्या भुताळी लाह्या : आत्तापर्यंत कुठवर आलं

यंदाच्या ३१ ऑक्टोबरसाठी तीन प्रकार पक्के केले आहेत. विषारी हिरव्या लाह्या, जांभळ्या लाह्या आणि डोळे लावलेली पांढरी लाह्यांची भुतं. न्यू जर्सीत आमच्या गल्लीतल्या मुलांची पार्टी आलटून पालटून एकेका घरी होते आणि यंदा खाऊ माझ्याकडे आहे. दारोदार फिरणाऱ्या मुलांना इथे बंद पाकिटातलंच द्यायचं असतं, घरी केलेलं आईबाप घेऊ देत नाहीत. पार्टीत मात्र घरचा खाऊ चालतो, म्हणून हा सगळा खटाटोप पार्टीपुरता आहे.

या खाऊत जे काही साधतं किंवा फसतं ते पाण्यामुळे, असं आता माझं ठाम मत झालं आहे. दाण्यातलं पाणी, पाकातलं पाणी, रंगातलं पाणी आणि शेवटी हवेतलं पाणी. चव पुष्कळ प्रकारे जमवता येते, पण एकदा मऊ पडलेल्या लाहीला काही चव उरत नाही.

दाणे

पॉपकॉर्नच्या दाण्यात साधारण १४ टक्के ओलावा असावा लागतो. दाणा १८० अंश सेल्सियसच्या आसपास तापला की आतल्या पाण्याची वाफ टणक सालीत कोंडते, पिष्ट मऊ होतं आणि साल फुटली की ते फुगून बाहेर येतं. म्हणूनच वर्षभर कपाटात उघडं पडलेलं पाकीट नीट फुलत नाही. ते टाकून देऊ नका. बरणीत भरून वर चमचाभर पाणी घाला, झाकण घट्ट लावून हलवा आणि तीन-चार दिवस मधूनमधून हलवत राहा. दाणे पुन्हा कामाला येतात.

लाह्या दोन आकारांच्या येतात. सिनेमागृहात मिळते ती पंख फुटलेली, आणि दुसरी गोल, छत्रीच्या आकाराची, जिला इथे मश्रूम म्हणतात. पाक चढवायला दुसरीच हवी. पंखांची लाही नुसती खायला हलकी आणि छान, पण पाकात ढवळताना तिचे पंख मोडतात, तळाशी चुरा साचतो आणि तोच चुरा सगळा पाक पिऊन टाकतो. गोल लाहीवर पाक सगळीकडून सारखा बसतो. मश्रूम जातीचे दाणे साध्या दुकानात क्वचितच दिसतात, ऑनलाइन मागवावे लागतात. माझ्या मते या सगळ्यात जास्तीचे पैसे मोजावेत अशी ही एकच गोष्ट.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल घालून आधी दोन-तीन दाणे टाकते. ते फुटले की बाकीचे घालते. झाकण किंचित तिरकं ठेवायचं म्हणजे वाफ निघून जाते. पूर्ण झाकलं तर तीच वाफ लाह्यांवर परत बसते आणि त्या चामट होतात. अर्ध्या कपाचे चौदा-पंधरा कप होतात. मग मोठ्या परातीत पसरून हाताने वरवर हलवते, न फुटलेले दाणे आपोआप खाली जातात. लाह्या वरून उचलून घ्यायच्या, तळातलं घ्यायचं नाही. पाकात लपलेला एक गणंग दाणा कुणाच्याही दाताचं नुकसान करू शकतो.

पाक होईपर्यंत या लाह्या अगदी मंद ओव्हनमध्ये कोमट ठेवते. गार लाहीला टेकताच पाक घट्ट होतो आणि गोळे होतात. कोमट लाहीवर तो पसरायला वेळ मिळतो.

पाक

एवढ्या लाह्यांना एक कप पांढरी साखर, अर्धा कप लोणी, पाव कप कॉर्न सिरप, अर्धा लहान चमचा मीठ आणि शेवटी अर्धा लहान चमचा खायचा सोडा. नेहमीच्या कॅरॅमल पॉपकॉर्नला ब्राउन शुगर लागते, पण इथे रंग उठून दिसायला हवेत म्हणून पांढरी. कॉर्न सिरप वगळू नका. ते साखरेचे खडे होऊ देत नाही. कडेला चिकटलेला साखरेचा एखादा कण आत पडला तरी अख्खा पाक रवाळ होऊ शकतो. उकळी आल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवलं की वाफेनेच कडा धुतल्या जातात.

पाक कुठवर न्यायचा यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. दोन्ही टोकांची पद्धत करून पाहिली. एकात पाक ३०० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ १५० सेल्सियसला नेऊन थेट लाह्यांवर ओतायचा. भाजायची गरज नाही, काचेसारखा कडक होतो. पण तिथवर जाताना लोण्यातला दुधाचा अंश तांबूस होतो आणि हिरवा रंग शेवाळी दिसायला लागतो. शिवाय ओतल्यापासून ढवळायला हातात काही सेकंदच असतात. दुसऱ्या पद्धतीत पाक २५० ते २५५ फॅरनहाइटला, म्हणजे १२१ ते १२४ सेल्सियसला उतरवायचा, लाह्यांवर घालायचा आणि उरलेलं पाणी ओव्हनमध्ये सावकाश काढून टाकायचं. रंगीत लाह्यांसाठी मी हीच ठेवली आहे. ओव्हन २२५ फॅरनहाइटला, साधारण तासभर, दर पंधरा मिनिटांनी ढवळून. पहिल्या दोन ढवळण्यांत लाह्या चिकट लगदा वाटतात, तिसऱ्यानंतर सुट्या व्हायला लागतात. एक लाही बाहेर काढून पूर्ण गार करून चावून बघायची. गरम असताना सगळ्याच मऊ लागतात, त्यावरून काही ठरवू नये.

थर्मामीटर असला तरी थेंब पाण्यात टाकून बघतेच. वाटीत गार पाणी घ्यायचं, पाकाचा थेंब सोडायचा आणि बोटांनी गोळा करायचा. आधी तो बोटांत पसरतो. जरा वेळाने गोळी होते, पण दाबली की लगेच चपटी होते. आणखी थोडं थांबलं की गोळी आकार धरते, दाबायला जोर लागतो, वाटीच्या कडेवर आपटली तर टक्कन वाजते. तिथे गॅस बंद. आजीने चिक्कीसाठी शिकवलेली परीक्षा हीच, चिक्कीला फक्त याच्या पुढे जायचं, थेंब कुडकन मोडेपर्यंत. थर्मामीटर नवा असेल तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा, समुद्रसपाटीजवळ २१२ फॅरनहाइट दाखवायला हवा. आणि त्याचं टोक पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नका.

सोडा गॅस बंद केल्यावर घालायचा. पाक भसाभस फेसाळून दुप्पट वर येतो, म्हणून पातेलं मोठंच घ्या आणि मुलांना लांब ठेवा, हा चटका पाण्यापेक्षा वाईट असतो. त्या फेसातले बुडबुडे पाकात अडकून राहतात आणि थर ठिसूळ होतो. सोडा न घालता केला तर तोच थर दाताला चिकटतो.

रंग

हिरवा सोपा. लोण्याचा पिवळेपणा त्याला मदतच करतो. जेल रंग पाक उतरवायच्या जरा आधी घातला की झालं.

जांभळ्याने मात्र वेळ खाल्ला. पिवळं लोणी आणि जांभळा रंग एकत्र आले की मळकट तपकिरी छटा येते, कितीही रंग ओता. उपाय असा सापडला की जांभळ्याच्या पाकात लोण्याऐवजी नारळाचं रिफाइंड तेल, वासाचं नाही ते. पण लोण्याशिवाय तेल पाकातून सुटून वर तरंगतं, म्हणून तेल आणि पाक एकत्र धरून ठेवणारं लेसिथिन चिमूटभर घालते. लोण्याची चव जाते हे खरं. ती भरून काढायला मीठ किंचित वाढवून व्हॅनिला घातला आहे. हा बदल मला मनापासून आवडला, कारण आता तो रंग भर दुपारच्या उजेडातही जांभळाच दिसतो.

नैसर्गिक रंगांचीही खटपट केली. लाल कोबीचं पाणी आटवून जांभळा रंग मिळतो खरा, पण सोडा पडताच तो निळा-हिरवा होतो. हळदही सोड्याने तांबूस होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात त्यातला हाच गुण. नारिंगी, भोपळ्याच्या रंगाकडे झुकणारी एक छटा हळदीतून छान मिळाली, त्यावर आणखी काम करायचं आहे. बीट या कामाचं नाही, उष्णतेने त्याचा रंग उतरतो. आणि तयार लाल रंग घेणाऱ्यांनी पाकिटावरची यादी वाचा. इथल्या एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, रेड ३ या रंगाची खाद्यपदार्थांतली परवानगी जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली आहे, पण कंपन्यांना तो बंद करायला जानेवारी २०२७ पर्यंत मुदत असल्यामुळे जुना माल अजून दिसतो.

काळ्या रंगासाठी बरेच जण कोळशाची पूड सुचवतात. मी मुलांच्या खाऊत ती घालणार नाही. पोटातली औषधंही ती शोषून घेते, आणि कुठलं मूल काय औषध घेतं हे आपल्याला माहीत नसतं. काळा कोको घेते, चवही त्याची चांगली.

भुतं आणि डोळे

इथल्या बहुतेक कृतींत भुतं मार्शमॅलोत बांधतात. त्यात जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ. कॅंडी कॉर्न या मक्याच्या दाण्याच्या आकाराच्या गोळ्यांमध्येही बहुधा असतं, वर चकाकीसाठी लाखेचा थर असतो तो वेगळाच. तयार मिळणाऱ्या साखरेच्या डोळ्यांतही बरेचदा अंड्याचा पांढरा भाग असतो. आमच्या पार्टीत निम्मी घरं शाकाहारी आहेत, तेव्हा हे तिन्ही बाद.

भुतांसाठी हिरव्याचाच पाक, पण रंग आणि सोडा न घालता आणि लोण्याच्या जागी नारळाचं तेल लेसिथिनसह. २५० फॅरनहाइटला उतरवून लाह्यांवर घालायचा आणि हाताला तूप लावून चुरमुऱ्याच्या लाडवांसारखं गरम असतानाच वळायचं. खाली जाड, वर निमुळतं. फार दाबायचं नाही, लाह्यांत फट राहिली तरच चावता येतं. एकटीने चार-पाच वळेपर्यंत पाक घट्ट होतो, म्हणून दोघांनी करायचं काम आहे. गार झाल्यावर त्यावर वितळवलेलं पांढरं कोटिंग (पांढऱ्या चॉकलेटसारखं असतं ते) चमच्याने सोडते, डोक्यावरून खाली ओघळेल असं. हे कोटिंग मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या ताकदीवर थोडं थोडं करून वितळवा. पाण्याचा एक थेंब पडला तरी ते आळून गोळा होतं, म्हणून त्यात रंग घालायचा तर फक्त तेलातला. पातळ करायलाही नारळाचं तेलच.

डोळे घरीच करते. डब्यातल्या छोल्यांचं पाणी घट्टसर फेटून त्यात पिठीसाखर घालायची, शंकूत भरून बटर पेपरवर हरभऱ्याएवढे ठिपके द्यायचे आणि रात्रभर उघड्यावर वाळवायचे. सकाळी काडीच्या टोकाने काळ्या चॉकलेटचं बुबुळ. बुबुळ मधोमध न देता जरा कडेला दिलं की भूत तिरकं बघतंय असं वाटतं, आणि दोन डोळे वेगवेगळ्या मापाचे असले तर आणखी छान. छोल्यांचा वास येईल का, अशी शंका घेणाऱ्यांना सांगते, वाळल्यावर अजिबात येत नाही.

ठेवणं आणि वाटणं

लाह्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेनेच मऊ पडतात. पावसाळी दिवशी तर ओव्हनमधून काढल्यावर तासाभरात डबाबंद कराव्यात. हवाबंद पत्र्याच्या डब्यात माझ्याकडे आठवडाभर कुरकुरीत राहिल्या. भुतं मात्र पार्टीच्या आदल्या दिवशीच वळणार आहे.

चार वर्षांखालच्या मुलांना लाह्या देत नाहीत, घशात अडकायची भीती असते. त्यांच्यासाठी वेगळा खाऊ असेल. दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना जांभळ्या लाह्या चालाव्यात म्हणून त्यांची भांडी, झारा आणि ट्रे वेगळे ठेवले आहेत, आणि वर कुठलंही कोटिंग सोडत नाही. प्रत्येक वाडग्यापुढे आत काय आहे याची चिठ्ठी असेल. अ‍ॅलर्जीच्या मुलांसाठी दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवायची पद्धत इथे २०१४ पासून देशभर पसरली आहे, तसाच एक जांभळ्या वाडग्याजवळ ठेवते आहे.

सध्या अडलंय ते आंबट चवीवर. हिरव्या लाह्यांना कैरीसारखा चटका हवा आहे. सायट्रिक आम्ल पाकात घातलं तर साखरेची फोड होते, आणि फोडलेली साखर हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणजे थर चिकट होणार. तेव्हा आम्ल बारीक पिठीसाखरेत मिसळून भाजून झालेल्या, अजून कोमट असलेल्या लाह्यांवर भुरभुरवायचं असा बेत आहे. किती घालायचं, आणि ते रात्रभरात ओल धरतं का, हे या शनिवारी बघते. कुणी आमचूर पूड वापरून पाहिली असेल तर तिने रंगावर काय परिणाम होतो ते नक्की कळवा.