नोट खरी, पण चालत नाही

बाबांनी शंभर क्रोनरची नोट काउंटरवर ठेवली आणि पलीकडच्या मुलीने ती अत्यंत नम्रपणे त्यांच्याकडे परत सरकवली. स्टॉकहोममधल्या त्या कॉफीच्या दुकानात रोख रक्कम घेत नसल्याची पाटी होती. ती स्वीडिशमध्ये असल्यामुळे बाबांना कळली नाही, आणि कळली असती तरी बँकेत हयात घालवलेल्या माणसाला पटली नसती. "नोट खोटी आहे का?" एवढेच त्यांनी मला विचारले. नोट खरीच होती, ग्रेटा गार्बोचे चित्र असलेली. पैसे मी फोनवरून चुकते केले आणि बाबांनी ती नोट घडी न घालता पाकिटात ठेवली.

युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा १६६१ मध्ये याच शहरात निघाल्या आणि इथली रिक्सबँक, स्थापना १६६८, ही जगातली सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक आहे. तिने काढलेली नोट कायद्याने वैध चलन आहेच. मात्र दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला करार त्याहून वरचढ मानला जातो, त्यामुळे दाराशी पाटी लावली की दुकानदार मोकळा. २०१० मध्ये सुमारे चाळीस टक्के लोकांनी आपली शेवटची खरेदी रोखीने केल्याचे सांगितले होते. २०२० मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आले. हा बदल कोणी लादला नाही, लोकांनी तो आपणहून स्वीकारला, हे मान्य केले पाहिजे.

माझी तक्रार वेगळीच आहे. मोठ्या बँकांनी एकत्र येऊन २०१२ मध्ये सुरू केलेले 'स्विश' हे ॲप मोबाइल क्रमांकावर क्षणात पैसे पोहोचवते. पण ते वापरायला बँक-आयडी (बँकेकडून मिळणारी डिजिटल ओळख) लागतो, बँक-आयडीसाठी इथला व्यक्तिक्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) लागतो, आणि तो साधारणपणे किमान वर्षभर राहणाऱ्यालाच मिळतो. डॉक्टरची वेळ घेण्यापासून टपालातले पार्सल सोडवण्यापर्यंत बहुतेक सगळी दारे याच किल्लीने उघडतात. किल्ली हाती आली की सुखाला पारावार नसतो, आयकराचे विवरणपत्रसुद्धा बसमध्ये उभ्या उभ्या भरून होते. ती येईपर्यंत मात्र खिशात पैसे असूनही माणूस दुसऱ्याच्या फोनवर अवलंबून असतो. बाबा तर पाहुणेच, त्यांना ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कार्ड होते, पण रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधल्या नियमामुळे नवे कार्ड देशाबाहेर चालवायचे तर तशी परवानगी आधी चालू करावी लागते. त्यासाठीचा ओटीपी त्यांच्या भारतातल्या सिमवर येणार, आणि त्या सिमला रोमिंग नव्हते. मुलाच्या घरी आलेल्या बापाला कॉफीसाठीही मुलाकडे बघावे लागते, ही सोय कसली?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने युद्ध किंवा संकटाच्या तयारीची पुस्तिका घरोघरी पाठवली, तिच्यात किमान आठवडाभर पुरेल एवढी रोकड, शक्यतो वेगवेगळ्या किमतीच्या नोटांत, घरी ठेवण्याचा सल्ला आहे. ज्या नोटा कोपऱ्यावरचा दुकानदार आजही घेत नाही, त्या तो संकटाच्या दिवशी घेईल, असे यात गृहीत धरले असावे! जुलै २०२१ मधल्या सायबरहल्ल्यात कोऑप या किराणा दुकानांच्या साखळीतल्या सुमारे आठशे दुकानांचे गल्लेच बंद पडले होते, तेव्हा रोकडही फारशी कामाची नव्हती, ही बाजू सांगायलाच हवी. तरीही शेजारच्या नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने पक्का केला आहे, आणि अन्न-औषधांच्या विक्रेत्यांना तरी रोकड घ्यायला लावावे, असे आता खुद्द रिक्सबँकच म्हणते.

अशा वेळी मला यूपीआयचा अभिमान वाटतो, आणि तो मी इथल्या सहकाऱ्यांसमोर जरा जास्तच दाखवतो. २०१६ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचली, २०२२ पासून साध्या बटणांच्या फोनवरही आली, आणि एवढे होऊनही भाजीवाल्याने नोट घेणे सोडले नाही. आपल्याकडे नवे आले ते जुन्याच्या शेजारी येऊन बसले. हे धोरणामुळे झाले की निव्वळ आपल्या गर्दीमुळे, या वादात मी सहकाऱ्यांशी पडत नाही.

त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगत नाही. परदेशी मोबाइल क्रमांकावर यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ मध्ये प्रथम दहा देशांना मिळाली आणि त्यांत स्वीडन नव्हता. त्यामुळे पुण्याला गेलो की रिक्षाचे भाडे मी रोखीने देतो. रिक्षावाला सुट्ट्यांवरून कुरकुरतो, पण नोट घेतो.