न घेतलेला प्लॉट

पुण्यात पन्नाशी ओलांडलेला माणूस ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याच्याकडे न घेतलेला एक प्लॉट असतो. एखाद्याकडे दोन असतात. कुणाचा बावधनला, कुणाचा वाघोलीला, आणि हिंजवडीतला असेल तर त्याला कट्ट्यावर जरा जास्तच मान.

वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत ही मालमत्ता रोज मोजली जाते. पाषाणच्या बाजूला तोंड करून उभं राहायचं, हात लांब करायचा आणि दूरच्या टॉवरांच्या गर्दीत नेमकी एक जागा दाखवायची. "तो निळ्या काचांचा दिसतो ना? त्याच्या जरा अलीकडे. कवडीमोल भावात देत होता, अरे!" पुढचं आम्हा सगळ्यांना पाठ आहे. वडील म्हणाले, तिकडे कोण राहायला जाणार, कोल्हे?

माझा बाणेरला आहे. म्हणजे नाहीये. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला संकुल उभं राहिलं, स्पर्धा झाल्या, खेळाडू गेले आणि तो भाग पुन्हा आपल्या शुकशुकाटात परतला. त्यानंतरची गोष्ट. ऑफिसातले एक सहकारी मला स्कूटरवर मागे बसवून जमीन दाखवायला घेऊन गेले. मुरमाड उतार, चार बाभळी, एक विहीर आणि तिच्यावर गंजलेली मोटर. मालकाने चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढली आणि म्हणाला, "इथून त्या दगडापर्यंत तुमचं." एवढीच मोजणी. घरी आल्यावर वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "सातबारा पाहिलास?" विषय तिथेच संपला.

पुढची पंचवीस वर्षं मी त्या प्रश्नावर मनातल्या मनात चरफडत आलो. अलीकडे मात्र वाटायला लागलंय, की प्रश्न चोख होता. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकायला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येत होता. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. पैसे मोजून तेवढे घेतले तरी सातबाऱ्यावर नाव चढेलच याची खात्री नव्हती. शिवाय 1997 ला आसपासची गावं महापालिकेत आली आणि पुढे टेकड्यांच्या उतारांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. ज्यांनी हिंमत करून तिथे घेतलं, त्यांतले काही जण अजून फायली घेऊन हेलपाटे घालताहेत. पण टेकडीवर यातलं काहीच निघत नाही. हुकलेल्या प्लॉटचं टायटल नेहमी क्लिअर असतं. त्याला आरक्षण नसतं, भाऊबंदकी नसते, रस्ता बारा मीटरचाच असतो. गृहकर्जाचा व्याजदर तेव्हा 15 टक्क्यांच्या आसपास होता आणि आपला पगार सांगण्यासारखा नव्हता, हेही सोयीने गळून पडतं. आजचा भाव आणि तेव्हाची अक्कल यांची वजाबाकी केली की जी रक्कम उरते, ती आपण बुडाली म्हणून सांगत सुटतो.

आणि सांगता येते म्हणूनच तिची एवढी चर्चा. ज्याला प्रति चौरस फूट भाव नाही, ती हळहळ चारचौघांत काढायची कशी?

आमचं जुनं बिऱ्हाड रमणबागेपासून हाकेच्या अंतरावर होतं. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव तिथे रात्र रात्र चालायचा. मुंबईहून, बेळगावहून लोक शाली, थर्मास घेऊन यायचे आणि आम्ही खिडकी लावून घ्यायचो, कारण सकाळी कामावर जायचं असे. शेवटच्या सत्रात भीमसेन जोशी गायचे. बायको एकदा म्हणाली, "अहो, जाऊया की, इतकं जवळ आहे." मी म्हणालो, दरवर्षीच गातात. दरवर्षी गात होतेच. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, पुढे रात्रभराच्या मैफली बंद झाल्या. जानेवारी 2011 मध्ये भीमसेन गेले. 2018 पासून महोत्सवच मुकुंदनगरला गेला.

हे टेकडीवर सांगितलं तर लोक "हो ना" म्हणतील आणि पुन्हा बावधनवर येतील.

पण मग मलाच शंका येते. तेव्हा गेलो असतो तर नक्की काय ऐकलं असतं? त्या वयात विलंबित सुरू झालं की मला जांभया यायच्या आणि तबलजी कधी एकदा वेग धरतोय, एवढंच लक्ष असे. थंडीत सतरंजीवर मांडी घालून पहाट करायची ताकद होती, ऐकायचा धीर नव्हता. आता धीर आलाय. एकच स्वर कुणी चार तऱ्हांनी लावला तर चारही कळतात, निदान तीन तरी. मांडी मात्र पंधरा मिनिटांच्या वर घालवत नाही. म्हणजे त्या हुकलेल्या पहाटेचं टायटलही मी परस्परच क्लिअर करून टाकलेलं दिसतंय.

गेल्या महिन्यात भाचा आला होता. त्याला रिंगरोडच्या आसपास जागा दाखवताहेत. "मामा, घेऊ का?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सातबारा पाहिलास?" त्याने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, ती माझ्या चांगल्या ओळखीची होती. आणखी तीस वर्षांनी तो कुठल्या टेकडीवरून कुठे बोट दाखवील, ते त्याचं तो बघेल.

यंदा सवाईला जायचं ठरलंय. भारतीय बैठकीचं तिकीट स्वस्त पडतं, पण खुर्चीचंच काढायचं यावर घरात एकमत आहे. पाठीला उशी न्यायची की नाही, यावर नाही. बायको म्हणते बरं दिसत नाही. मी म्हणतो, आपल्याकडे बघायला तिथे कोण येतंय?