पडद्यावरचं मशीन कधी बंद पडत नाही

रविवारी भाची नेरुळला राहायला आली होती. जेवणं झाल्यावर तिनं ‘द आयलंड’ लावला. २००५ चा सिनेमा. श्रीमंत माणसं स्वतःचे क्लोन बनवून ठेवतात, उद्या लिव्हर-किडनी लागली तर काढून घ्यायला. एका पिशवीतून पूर्ण वाढलेला माणूस बाहेर पडतो, तिथं भाची माझ्याकडे वळली. "मावशी, तुमच्या लॅबमध्ये असंच असतं?"

मी वाशीच्या एका आयव्हीएफ सेंटरमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये गर्भ सांभाळणारी. म्हटलं, "अगं, आमच्याकडचा पाच दिवसांचा गर्भ साध्या डोळ्यांना धड दिसतसुद्धा नाही."

असे सिनेमे तंत्रज्ञानाची भीती घालतात, असं म्हणतात. मला नाही पटत. त्यात कंपनी लोभी असते, डॉक्टर निर्दयी असतो, पण पिशवी मात्र दरवेळी माणूस देतेच. तिच्यावर कुणी शंकाच घेत नाही. एवढा भरवसा आम्ही, मशीनपाशी दिवस काढणारे, ठेवत नाही. गर्भ ज्यात वाढतात त्या इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर ३७ अंश दिसत असले, तरी मी वेगळ्या थर्मामीटरनं रोज तपासते. गेल्या जुलैत रात्री दोनला अलार्मचा फोन आला, एका इन्क्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड उतरत होता. धो धो पावसात नवऱ्यानं स्कूटरवरून सोडलं. ओल्या कपड्यांवर लॅबमध्ये जाता येत नाही, म्हणून आधी कपडे बदलले, हात धुतले, आणि मग एकेक डिश शेजारच्या इन्क्युबेटरमध्ये हलवली. प्रत्येक डिशवर एका जोडप्याचं नाव होतं.

भाचीला मग डॉली या क्लोन मेंढीबद्दल सांगितलं. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली, दुसऱ्या मेंढीच्या बीजातलं केंद्रक काढलं, विजेचा हलका झटका देऊन दोन्ही जोडलं. अशा २७७ जोडण्यांतून २९ गर्भ हाती लागले आणि कोकरू जन्मलं एकच, ५ जुलै १९९६ ला, स्कॉटलंडमध्ये. तेही कोकरूच, मोठी मेंढी नव्हे, आणि मेंढीच्याच पोटी. क्लोनलाही गर्भाशय लागतं, दूध लागतं, वाढायला वर्षं लागतात. सिनेमा हे सगळं गाळतो, याचा मला खरंच राग येतो.

तिला सगळ्यात नवल वाटलं ते मांजरीचं. २००१ मध्ये टेक्सासमध्ये तिरंगी मांजरीचा क्लोन केला. पिल्लाच्या अंगावर केशरी रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. जनुकं तीच, पण केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि कुठल्या पेशीत कुठलं एक्स गुणसूत्र गप्प बसणार, हे गर्भातच ठरतं.

सोमवारी सकाळी सव्वासातला मी लॅबमध्ये होते. आदल्या बुधवारी एका बाईंच्या नऊ बीजांत सुईनं शुक्राणू सोडले होते. गुरुवारी सहा फळलेली दिसली. आज पाचवा दिवस. मायक्रोस्कोपखाली एकेक पाहत गेले, दोनदा मोजलं, आणि त्या बाईंना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"मॅडम, किती?"

"दोन," मी म्हटलं.