पाऊस राहिला काय रे?

दुपारी धूळ पुसायला सर्व्हर (घरचा सतत चालू असणारा कॉम्प्युटर) बंद केला आणि पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, "पाऊस राहिला काय रे?"

म्हापशात सकाळपासून थेंब नव्हता.

म्हणजे गेले 8 महिने आई माझ्या त्या सेकंडहँड 1यू सर्व्हरला पाऊस समजत होती, आणि मी दार लावून घेतलं की प्रश्न मिटला असं समजत होतो! 1यू हे सर्व्हरच्या उंचीचं माप, जेमतेम पावणेदोन इंच. त्यात 40 मिमीचेच पंखे मावतात, आणि एवढ्याशा पंख्याला हवा ढकलायची तर मिनिटाला हजारो फेरे मारत किंचाळावंच लागतं. चौपट उंचीच्या 4यू कॅबिनेटात 120 मिमीचा पंखा आरामात बसतो, तो सावकाश फिरला तरी पुरतो.

मग मीटर लावून बघितला. काही काम नसताना 110 वॅट. महिन्याला 79 युनिट, कशासाठी? घरचे फोटो आणि आईची जुनी नाटकं.

संध्याकाळी नवी यादी केली. 4यू कॅबिनेट, कमी वीज खाणाऱ्या इंटेल एन100 प्रोसेसरचा छोटा बोर्ड, दोन डिस्क. 750 वॅटचा पॉवर सप्लाय मात्र खोडला. इतक्या कमी लोडवर मोठा सप्लाय उलट जास्त वीज वाया घालवतो. (दुकानदार अजून "मोठाच घ्या" म्हणतोय.)

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "असूंदे रे, झोप बरी लागायची."

आता सर्व्हर बदलू की नको?